कोंबड्यांची बटई

मालकांना मी बोडक्या डोक्यानं एकदाच पाहिलं. एरवी सकाळी बंब पेटवताना सुद्धा त्यांच्या डोक्याला फेटा असायचा, आणि तोही असा झोकात बांधलेला, की आता हे उठून कुणाच्या तरी लग्नाला निघणार. दाराशी बाज टाकून ते बसत आणि पांढऱ्याशुभ्र धोतरावर, मांडीवर, एक कोंबडी डोळे मिटून पडलेली असे. रस्त्यानं जाणारे थबकायचे. मालक त्यांना म्हणायचे, "बगा, बगा. बगायला तिकीट नाय."

ते आमचे घरमालक. शहर तेव्हा औरंगाबादच होतं आणि आमची वसाहत जालना रोडच्या आतल्या अंगाला, चिकलठाण्याच्या अलीकडे, नुकती कुठं उभी राहत होती. माझे यजमान कारखान्यात पाळीवर, मी एका कचेरीत टायपिस्ट. खोल्या बघायला गेलो तेव्हा मालकांनी आमची नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही. मला म्हणाले, "बाई, घरात कोंबडी शिरली तर काय करता?"

"बाहेर काढते," मी म्हटलं.

"कशानं?"

"हातानं."

"झाडूनं नाय ना? मंग ऱ्हा."

अशा रीतीनं आम्हाला घर मिळालं. पुढं कळलं की आमच्या आधीच्या भाडेकरूंनी याच प्रश्नाला चुकीचं उत्तर दिलं होतं.

कोंबड्या म्हणजे बायकांचा कारभार. खात्यापित्या घरचा पुरुष, तोही पाटीलकीतला, खुराड्यात डोकं घालताना दिसला की गावात त्याच्या नावानं शिमगा होतो. मालकांचे चुलतभाऊ कधीमधी येत, बाजेच्या कडेवर अवघडून बसत आणि चहा संपता संपता म्हणत, "दादा, लोक हसायलेत." मालक म्हणत, "हसू दे की. मपल्या घरचं काय जातंय?" मग आवाज चढवून, आम्हालाही ऐकू जाईल असं, ते आपलं आवडतं तत्त्वज्ञान सांगत: "वाघाला कोन दुश्मन हाय? कुनी नाय. अन कोंबडीला? कुत्रं दुश्मन, मांजर दुश्मन, घार दुश्मन, शेजारी दुश्मन, पाव्हना दुश्मन. मंग मर्द कोन? वाघ पाळनारा का कोंबडी पाळनारा?"

चुलतभाऊ कपबशी खाली ठेवून उठत. मला मात्र या हिशेबात आजतागायत चूक सापडलेली नाही.

संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की मालक मागच्या अंगणात उभे राहून हाका घालत. "ये गं मळईऽ... खडकाळीऽ... बारवे, कुठं उलथलीस गं..." आणि त्या सगळ्या कुठकुठल्या कुंपणांखालून निघून, माना हलवत, रांगेनं यायच्या. मालक एकेकीला उचलून डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या उपड्या टोपलीखाली, सरकवायचे. पांढरी नावाची कोंबडी मात्र डांबरासारखी काळी होती. मला गप्प बसवेना. "मालक, काळ्या कोंबडीला पांढरी काय म्हणता?"

"रंगाचं नाव नाय ते बाई. पांढरी म्हंजे गावठान. घरं बसत्यात ती जागा."

"आणि मळई?"

"नदीकाठचं रान. गाळाचं. खडकाळी वरच्या अंगाला. बारव म्हंजे हिरीजवळचं."

"आणि चिंचमळी?"

चिंचमळी ही लालसर, जराशी लंगडी कोंबडी. त्यांच्या मांडीवर झोपायची ती हीच. मालकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तिथं आमची कारभारीन बसायची. चिंचंखाली. जेवान घिऊन यायची अन मंग दिवसभर तिथंच."

"आता कोण बघतं ती शेतं?"

"आता मासे बगत्यात," मालक म्हणाले.

त्यांचं गाव पैठणच्या धरणात गेलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. माणूस बाजाराला गेला असं सांगावं तसं सांगितलं. कारभारीण पाणी यायच्या आदल्या वर्षी वारली. कोंबड्या तिच्या. तिचं वाण जुनं होतं. पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांची धामधूम चालली असताना गावानं दागिने पुरले, तर या बाईनं धान्य साठवायच्या रिकाम्या पेवात कोंबड्या उतरवल्या आणि वर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या. सासू ओरडली तेव्हा म्हणाली म्हणे, "सोनं पुन्हा घडवता येतं. वाण कुठून आनू?" गाव उठलं तेव्हा मालकांनी ते वाण एसटीत मांडीवर धरून इथं आणलं आणि एकेका कोंबडीला एकेका शेताचं नाव दिलं. आई गेली की लेक ते नाव चालवायची. लेक मागं न ठेवता एखादी मेली, तर ते शेत दुसऱ्यांदा बुडायचं. मालकांची लढाई होती ती एवढ्यासाठी. हे मी ऐकलं. त्या दिवसापासून मी कोंबड्यांच्या बाजूची झाले.

वसाहत मात्र त्यांच्या बाजूची नव्हती. आणि खोटं कशाला बोलू, वसाहतीचंही अगदीच चुकत नव्हतं. कोंबड्या उकिरडा सोडून नेमक्या लोकांच्या वाफ्यांत शिरायच्या. कोंबडा सूर्याच्या आधी आरवायचा आणि सूर्य आल्यावरही थांबायचा नाही. सगळ्यांत जास्त राग होता तो पलीकडच्या साहेबांना. साहेब जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. मालकांचं गाव त्यांनीच मोजलं होतं असं काही नव्हतं, पण मालकांच्या लेखी मोजणीवाला म्हणजे मोजणीवाला. साहेबांनी कुंपणाशी येऊन सांगितलं, "तुमची कोंबडी माझ्या हद्दीत येते." मालक म्हणाले, "साहेब, तिला सातबारा वाचता येत नाय."

साहेबांकडे टायगर नावाचा अल्सेशियन होता. मालकांनी भिंतीवर बाभळीच्या काट्या रचल्या. टायगर भिंतीला टेकून ठेवलेल्या कोळशाच्या ढिगावरून उडी मारायला शिकला. मालकांनी डबे टांगले. टायगरला डब्यांचा आवाज आवडायला लागला. मालक काठी घेऊन बसायला लागले, पण काठी घेऊन माणूस किती बसणार? बाजरी आणायला शहागंजात तर जावंच लागतं.

त्याच दिवसांत मालकांनी आणखी एक विचित्र उद्योग केला. फेटा बांधून ते घरोघर हिंडले आणि चिंधी मागत सुटले. "वहिनी, एक चिंधी द्या. जुनी चालंल, पर घरच्या मानसाच्या अंगावरची पायजे." म्हाताऱ्याला गोधडी शिवायची असेल, असं आम्हाला वाटलं. मी पिवळ्या फुलांच्या जुन्या साडीची पट्टी फाडून दिली. डाव्या हाताच्या घरातल्या वहिनी, ज्यांना लसूणसुद्धा चालत नसे, त्यांनी हिरवी दिली. दुसऱ्या दिवशी त्या चिंध्या कोंबड्यांच्या पायांत दिसल्या. मालक निसलेली कणी, उरलेली भाकरीही मागून नेत. लोक देत, कारण उरलेलं टाकायला तसंही कुठंतरी जावंच लागायचं. अधूनमधून ते कुणाच्या ओट्यावर दोन अंडी ठेवून जात. आम्ही म्हटलं, तऱ्हेवाईक माणूस, पण मनानं चांगला.

आणि एका सकाळी टायगरनं चिंचमळी मारली.

मी कपडे वाळत घालत होते. काठी हाती लागेपर्यंत सगळं संपलं होतं. मालक बाजरीचं पोतं खांद्यावर घेऊन आले, त्यांनी पोतं खाली ठेवलं, चिंचमळीला उचललं आणि तिची विस्कटलेली पिसं बोटांनी सारखी केली. एव्हाना साहेब धावत आले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांचा चेहरा पडला होता. खिशातून पाकीट काढून ते म्हणाले, "काय होईल ते सांगा, मालक. भरपाई देतो."

"मोबदला येकदा घेतलाय साहेब," मालक म्हणाले. "पुरला नाय."

साहेबांना त्याचा अर्थ कळला असावा, कारण ते एकदम चिडले. "अहो, कोंबडीच तर होती!"

"व्हय. अन ते रानच तर हुतं."

एवढं बोलून मालक वळले आणि पायांतल्या वहाणांसकट थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरले. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "बाई, परवा दोन अंडी दिली. चिंचमळीची. खाल्ली का?"

यजमानांचं पोट बिघडलं होतं आणि देवानं ते अगदी वेळेवर बिघडवलं होतं. अंडी ज्वारीच्या डब्यात तशीच होती. मी ती काढून दिली. "बारव खुडूक झाली हाय," ते म्हणाले. म्हणजे अंडी देणं थांबवून बारवेनं उबवायला बसायचा हट्ट धरला होता. "तिच्याखाली घालतो. तीन आठवडे बसू दिली तर चिंचमळी हाय. उठवली तर संपली."

मात्र त्याच रविवारी साहेबांच्या व्हरांड्यात वसाहतीची बैठक बोलावलेली होती. कोंबड्या हटवायच्या, एवढाच विषय. मालक फेटा बांधून, हातात झाकलेलं डालगं घेऊन आले आणि ते खुर्चीशेजारी ठेवून बसले. त्यात बारव आहे हे मला ठाऊक होतं. साहेबांनी मुद्दे मांडले: घाण, आवाज, हद्द. शेवटी म्हणाले, "आठ दिवसांत सगळ्या कोंबड्या इथून हलल्या पाहिजेत."

"मंजूर," मालक म्हणाले. "आपापल्या घिऊन जा."

"आपापल्या म्हणजे?"

"आमच्याकडं कोंबडी बटईनं देत्यात, साहेब. शेत वाट्यानं देत्यात तशी. ज्याच्या घरची चिंधी तिच्या पायात, त्याचा निम्मा हिस्सा. चिंधी तुमची, दाना तुमचा, राखन मपली. मी राखन केली, सगळ्यांची अंडी पोचती केली." मग ते डाव्या हाताच्या वहिनींकडे वळले. "वहिनींना अंडी चालत नाय. त्यांचा वाटा मी खतात दिला. मोगरा बगा त्यांचा."

सगळ्यांनी वहिनींच्या कुंपणाकडे पाहिलं. मोगरा अंगभर फुलला होता. त्याला आपण ताक घालतो असं वहिनी सगळ्यांना सांगत आल्या होत्या. त्या पदर तोंडाला लावून खाली बघायला लागल्या.

साहेब उभे राहिले. "मी कसलीही चिंधी दिलेली नाही!"

"खाकी हाय, साहेब. बारवेच्या पायात."

चहाचा ट्रे घेऊन साहेबांच्या पत्नी दारात येऊन उभ्या होत्या. "मी दिली," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या साइटवरच्या पँटची."

"ती पँट मी केव्हापासून शोधतोय!" साहेब ओरडले, आणि तिथं बैठक संपली, कारण हसू आवरेपर्यंत कुणाला मुद्दा आठवेना.

नंतर मी मालकांना विचारलं, "ही बटईची रीत लोकांना आधी सांगायची नाही का?" ते खरोखर आश्चर्यानं माझ्याकडे बघत राहिले. "चिंधी मागितली तवा कुनी इचारलं का, कशाला म्हून? चिंधी द्यायची अन इचारायचं नाय, म्हंजे कबूल." त्यांच्या गावात हे पोरांनाही कळायचं. आम्ही सगळे शिकलेले, पगारदार लोक, न विचारता कोंबड्यांचे भागीदार होऊन बसलो होतो.

पण खरा डाव अजून व्हायचा होता. हसणं ओसरल्यावर मालकांनी डालग्यावरचं फडकं काढलं. बारव आत फुगून बसली होती. "साहेब, हिच्याखाली चिंचमळीची दोन अंडी हायेत. तुमच्या टायगरनं मारली ती चिंचमळी. मपल्या अंगनात कोंबड्या नको म्हनता, बरूबर हाय. ही निम्मी तुमची हाय. तुमच्याच घरी बसवा."

मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "मालक, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देताय?"

"चोरालाच द्यावी, बाई," ते मोठ्यांदाच म्हणाले. "ज्याच्या हाती किल्ली त्याला चोरी करता येत नाय."

साहेब काही बोलणार तोच त्यांच्या पत्नीनं ट्रे माझ्या हातात कोंबला आणि डालगं उचललं. "माझ्या माहेरी दरसाल कोंबड्या बसवायचे," त्या म्हणाल्या. "मला येतं सगळं." आणि त्या आत गेल्या. टायगर त्यांच्या मागोमाग हुंगत निघाला तर त्यांनी नुसतं "टायगर!" म्हटलं, अशा आवाजात, की कुत्र्याबरोबर साहेबही जागच्या जागी उभे राहिले.

मग ते तीन आठवडे. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मालक मात्र एकदाही त्या कुंपणाकडे फिरकले नाहीत. बाजेवर बसून ते दुसरी कुठलीतरी कोंबडी मांडीवर घ्यायचे आणि उन्हात डुलक्या काढायचे. मी म्हटलं, "अहो, निदान डोकावून तरी या." ते म्हणाले, "राखनदारावर राखन ठिवत नसत्यात. त्याचा जीव उडतो कामावरला. रझाकाराच्या काळात पेवावर कुनी पहारा ठिवला हुता का?"

मला ते जमेना. विरजण मागायच्या निमित्तानं मी साहेबांकडे गेले. स्वयंपाकघरामागच्या कोठीत बारव बसली होती आणि कोठीच्या दारात खुर्ची टाकून साहेब पेपर वाचत होते. पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून ते पान दोन्ही हातांनी सावकाश फिरवत. टायगर अंगणात साखळीला होता. त्याच्या नाकावर एक लाल ओरखडा दिसला. साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "पहिल्याच दिवशी आत तोंड घातलं होतं यानं. बारवेनं दाखवली त्याला." त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. मी निघाले तर दारापर्यंत आले. "एक विचारू? काल तिनं दाणा खाल्ला नाही. हे बरोबर आहे का? तुम्ही विचारून सांगा त्यांना. माझं नाव नका घेऊ."

मी मालकांना विचारलं, अर्थातच साहेबांचं नाव घेऊन. मालक गालातल्या गालात हसले. "सांगा, उठंल तवा खाईल. अन सांगा, घाबरू नका म्हनावं."

बाकीच्या कोंबड्या न्यायला कुणीच आलं नाही. त्या मालकांच्या अंगणातच राहिल्या. उलट, डाव्या हाताच्या वहिनी आता कुंपणावरून विचारायला लागल्या, "आमची हिरवी आली का हो घरी?"

त्या सकाळी मी पुन्हा कपडेच वाळत घालत होते. पलीकडून हाक आली. "मालक! ओ मालक!" साहेब भिंतीशी उभे, अंगात बनियन, गालावर अर्धा साबण. दाढी अर्धवट टाकून आलेले. मालक धावत आले आणि त्यांच्या डोक्याला फेटा नव्हता. विरळ पांढरे केस, मधोमध टक्कल. इतके दिवस एवढा ताठ बसणारा माणूस डोक्यानं इतका म्हातारा असेल असं मला वाटलं नव्हतं. मला एकदम रडू आलं.

"एक अंडं पोकळ निघालं," साहेब म्हणाले. त्यांनी बंद मूठ भिंतीवरून पुढं केली आणि हळूच उघडली. तळहातावर ओलसर, तांबूस, धड उभंही न राहता येणारं पिल्लू होतं. ते पुढं कोंबडीच निघालं, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पण तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि साहेबांना तर शंकाही नव्हती. त्यांच्या कागदांवर उभ्या आयुष्यात नुसते गटांचे आकडे होते. मालकांच्या संध्याकाळच्या हाका ऐकून ऐकून त्यांना नावं पाठ झाली असणार.

"चिंचमळी निघाली, मालक," साहेब म्हणाले.

मालकांनी पिल्लाला हात लावला नाही. नुसते बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं आणि त्यांचा नेहमीचा मिस्कील आवाज परत आला.

"किती एकर हाय, साहेब?"

साहेब गोंधळले. हातातल्या पिल्लाकडे बघून, जणू खरंच काहीतरी राहून गेलं असावं तसे म्हणाले, "मोजली नाही हो अजून."

"ऱ्हाऊ द्या," मालक म्हणाले. "या खेपेला मोजू नका."

आणि त्यांनी चिंधीसाठी साहेबांपुढं हात केला.